मेजरसाहेबांचं मैदान

"चौऱ्याऐंशी वर्षांच्या माणसाला तुम्ही घराबाहेर काढताय. एका चिठोऱ्यावरून! लाज नाही वाटत?"

पद्माकर परचुरेचा आवाज एवढा चढला की कॉरिडॉरमधले दोघे आत डोकावले. टेबलापलीकडच्या बाईंनी चष्मा काढून पुसला. सरकारी टेबल जगात कुठेही असंच. तुम्ही पेटता, ते चष्मा पुसतात.

शेजारच्या खुर्चीत मेजर व्हिटकम ताठ बसले होते. "पॅडी, पुरे. घरी जाऊ."

"कुठलं घर? पंधरा दिवसांनी आहे का तुम्हाला घर?"

मैदान बंद झालं की पॅव्हेलियन पडणार होतं, आणि पॅव्हेलियनमागच्या दोन खोल्यांत मेजर राहत होते. पासष्ट साली ब्रिटिश फौजेचे लेफ्टनंट म्हणून ते ड्युसेलडॉर्फजवळच्या छावणीत आले. रशियन येतील म्हणून बसवलेली फौज. रशियन काही आले नाहीत, मग मेजरांनी बटाट्याच्या शेतात खेळपट्टी केली, वीस वर्षं डावखुरी फिरकी टाकली, इथल्याच हेल्गाशी लग्न केलं. फौज गेली. हेल्गाही गेली. मेजर एकटे रोलर ओढत राहिले. मग पुण्या-मुंबईचे आयटीवाले आले आणि मैदान पुन्हा भरलं. आईबापांशीही जर्मनमध्ये बोलणाऱ्या रुद्रला, पद्माकरच्या मुलाला, बॅट धरायला मेजरांनीच शिकवलं. मैदानासमोरच्याच इमारतीत पद्माकरचं घर; बायकोने, साधनाने, भाकरी केली की पहिला डबा मेजरांचा.

एप्रिलमध्ये पत्र आलं. कडक चेंडूचा शेजाऱ्यांना धोका. रहिवाशांची लेखी तक्रार. परवाना रद्द.

"धोका कसला? आम्ही काळे लोक रविवारी आरडाओरडा करतो, ते खुपतं यांना," पद्माकर म्हणाला. "कोण आहेत हे रहिवासी? मला फाइल बघायचीय. कायदा आहे तसा."

"गेनाऊ, अगदी बरोबर," बाई म्हणाल्या. "अर्ज भरा."

चार पानी फॉर्म होता. पद्माकरने नाव-पत्ता खरडला, थेट शेवटच्या पानावर गेला आणि सही ठोकली.

"वाच तरी," मेजर म्हणाले.

"मेजरसाहेब, इथला प्रत्येक कागद वाचून सही करायची म्हटलं, तर बारा वर्षं तेच करत बसलो असतो. सगळे करतात, आपणही करायची."

एरवी असल्या बोलण्यावर मेजर हसायचे. आज त्यांनी फॉर्मवर तळहात ठेवला.

"हा परत घे. वृद्धाश्रमात खोली मिळतेय मला. टीव्ही आहे, सामने दिसतात. बिअर मात्र मोजून देतात म्हणे."

"चेष्टा नको. तुम्ही यांच्या बाजूने का बोलताय?"

"यांच्या नाही. तुझ्या."

"मग गप्प बसा जरा." पद्माकर ओशाळला. "माफ करा. पण ज्याने पहिली सही केली ना, तो मला पाहिजे. त्याच्या दारात उभा राहून विचारणार आहे, माणूस आहेस का तू?"

त्याने मेजरांचा हात बाजूला केला आणि फॉर्म पुढे सरकवला.

बाईंनी मेजरांकडे पाहिलं. मेजरांनी मान हलवली. नको.

"मिस्टर व्हिटकम, आता अर्ज आलाय. मला नाही म्हणता येत नाही." मग त्या पद्माकरकडे वळल्या. "यांनी मे महिन्यातच फाइल पाहिली. त्याच दिवशी अपील मागे घेतलं. तुम्हाला दाखवू नका म्हणून हात जोडले."

"का?"

मेजर खिडकीबाहेर बघायला लागले.

बाईंनी फाइल उघडून फिरवली. मार्चमध्ये मैदानासमोरच्या इमारतीच्या जिन्यात दारोदार फिरवलेला कागद. पस्तीस सह्या. चौतीस ओळींवर काळी पट्टी. सगळ्यात वरची तेवढी उघडी.

"दुसऱ्यांची नावं दाखवता येत नाहीत. ज्याची त्याला दाखवता येते." बाईंनी त्या ओळीवर बोट ठेवलं. "सांगा मिस्टर परचुरे, ही सही तुमचीच ना?"