वजन मागच्या पायावर

हात उगारला आणि फोरमन स्वतःच कोसळला. बायकोच्या गालावर बसायची ती चपराक हवेत गेली, तिच्यामागून तोही गेला. कपाळ टेबलाच्या कडेवर आपटलं. फरशीवर रक्त सांडलं. बायको दोन हात लांब उभी होती. तिनं फडकं आणून जखम दाबून धरली, तर त्यानं तिच्या मनगटाला कडकडून चावा घेतला.

अर्धांगाच्या झटक्यातून तो वाचला होता. डावा पाय तेवढा ढिला पडला होता. उजवा हात शाबूत होता आणि जीभ तर त्याहून शाबूत. कारखान्यात सगळे त्याला टरकून असायचे. घरी टरकायला एकटी बायको, त्यामुळे सगळा वाटा तिलाच. तिचा एक कान त्यानं लग्नानंतर लवकरच निकामी केला होता. आता हात उगारला की डाव्या पायावर भार यायचा आणि स्वारी आडवी व्हायची.

टाके पडलेलं कपाळ बघायला तिची धाकटी बहीण आली. तो आत घोरत होता.

"ताई, तो पडतो म्हणून तू वाचतेस. आणि त्याला उभं करायला तूच बाई लावलीस? आपल्या हातानं पायावर धोंडा पाडून घेतेयस."

"डोकं फुटून मरतील एखाद्या दिवशी."

"मरू दे की."

ताई भांडी विसळत राहिली. मार खाऊन खाऊन हिची अक्कल गेली, असं म्हणत बहीण पाय आपटत निघून गेली.

ती बाई म्हणजे फिजिओथेरपिस्ट, पंचविशीतली पोर. तोल सावरायला ती ताय ची शिकवायची. चीनमधला संथ व्यायाम. पाण्यातून चालावं तसं चालायचं, एका पायावरचं वजन दुसऱ्या पायावर सावकाश न्यायचं. पहिल्याच दिवशी फोरमननं तिला काठी फेकून मारली. तिनं ती उचलली, परत त्याच्या हातात दिली आणि म्हणाली, "चला, उभे राहा." पोर खमकी होती.

तिची एक पद्धत होती. माणूस नेमका काय करताना पडतो ते विचारायचं आणि तीच हालचाल संथपणे घोटून घ्यायची.

"पडतात तेव्हा काय करत असतात, काकू?"

"उजवा हात उचलतात. जोरात पुढं नेतात."

"फळीवरचं काही काढायला?"

"हां," काकू म्हणाल्या.

मग काय विचारता. वजन मागच्या पायावर, कंबर वळवायची, वजन पुढं, आणि शेवटी हात. चपराक कशी मारावी हे इतकं जीव ओतून कुणी कुणाला शिकवलं नसेल. पोर यायची नाही त्या दिवशी बायको त्याच्याकडून तेच करून घ्यायची. तो आईबहिणीवरून शिव्या द्यायचा, ती म्हणायची, "कंबर वळवा. घाई नको." त्याचा पाय ठरू लागला. हात आधी तिच्या केसांना चाटून गेला, मग खांद्यावर बसला. फोरमन हसला. "थांब, आणखी थोडे दिवस थांब," म्हणाला. ती दोन पावलं मागं सरायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याला उभं करायची.

शेवटच्या दिवशी परीक्षा होती. काठी काढून घेतली. पोर वैतागली होती, कारण काकू कायम लांब उभ्या राहायच्या.

"समोर या ना, काकू. हाताच्या अंतरावर. तोल गेला तर धरायला कुणीतरी नको का?"

काकू समोर आल्या. फोरमननं वजन मागं घेतलं. कंबर वळवली. एकही चूक केली नाही. फाडकन आवाज झाला आणि काकू भिंतीवर जाऊन आदळल्या. ओठ फाटला, दाताचा तुकडा फरशीवर पडला. फोरमन उभाच होता. त्यानं आधी आपल्या पायांकडे बघितलं, मग पुन्हा हात मागं नेला. पोरीनं मध्ये घुसून तो दोन्ही हातांनी धरला आणि त्याला खुर्चीत दाबून बसवलं. तिला सगळं कळलं होतं.

"काकू, आधी सांगायचं ना मला. मी हे शिकवलंच नसतं."

"म्हणूनच नाही सांगितलं."

पदरानं रक्त पुसत काकू उठल्या. "आता पडणार नाहीत ना हे? एकटे राहू शकतील?"

"राहू शकतील," पोर रडत म्हणाली.

काकूंनी दारातल्या चपला पायात घातल्या. "मग निघते मी. पडणाऱ्या माणसाला टाकून जाणं माझ्यानं झालं नसतं."