डावीकडचा पेला

आशाबाई गेल्या आणि जेवताना नत्थुजींच्या डावीकडचा पाण्याचा पेला रोज लवंडू लागला. "इथं काहून ठेवला गिलास?" म्हणून ते सुनेवर, प्राजक्तावर, खेकसायचे. सासूबाई त्यांच्या डाव्या अंगाला बसून पेला थेट हातात द्यायच्या, बाजारातही त्याच बाजूनं चालायच्या. प्राजक्ताला तेव्हा ते म्हाताऱ्याचे फाजील लाड वाटायचे.

शेवटी तिनं त्यांना अकोल्याला नेलं. डॉक्टरांनी डोळ्यांचा दाब मोजला. "काचबिंदू आहे. डावीकडची नजर कित्येक वर्षांपासून जात होती, ती आता परत येणार नाही. तेव्हाच आणलं असतं, तर थेंबांनी टिकली असती."

बाहेर आल्यावर नत्थुजी सुनेला म्हणाले,

"काईबी सांगते डॉक्टर. तुयी सासू होती तवा मले सारं दिसे."