हाडांतल्या मुंग्या

"हाडांत मुंग्या चालतात, डॉक्टर. बसवत नाही, उभं राहवत नाही. मरण बरं वाटतं," विड्या वळणारी यमुना खिल्लारे हात जोडून सांगत होती. कानात आवाज येतात म्हणून महिन्यापूर्वी तिला गोळ्या सुरू केल्या होत्या. मानसोपचारतज्ज्ञ सबनिसांनी तिच्या कागदावर 'भ्रम वाढलेत' असं लिहिलं आणि गोळी दुप्पट केली. पंधरा दिवसांनी तिने विहीर जवळ केली.

वर्षभराने सबनिसांना लग्नाच्या जेवणातून विषबाधा झाली. उलट्या थांबायला इंजेक्शन दिलं गेलं. अर्ध्या तासात त्यांचे पाय वळवळायला लागले. ते उठले, बसले, पुन्हा उठले. कातडी फाडून बाहेर पडावंसं वाटू लागलं.

"इंजेक्शनमुळे होतंय सर, उतरेल," नर्स म्हणाली.

औषधाचा हा परिणाम त्यांनी विद्यार्थ्यांना कितीदा शिकवला होता. यमुनाच्या गोळीनेही तो होतो, हे त्यांना पाठ होतं. तो असा असतो, हे मात्र तिने सांगूनही त्यांनी ऐकलं नव्हतं.

बरं वाटताच ते तिच्या घरी गेले. नवऱ्याने लगबगीने खुर्ची पुसून दिली. "तुम्ही लई केलं साहेब. तिचं डोकंच ठिकाणावर नव्हतं."

"त्या मुंग्या माझ्या गोळीने येत होत्या," सबनीस कसेबसे म्हणाले. "ती खरं सांगत होती."

नवरा खाटेवर टेकला. मग म्हणाला, "मला बी सांगायची. मी तिला खाटेला बांधून कामाला जायचो."