उठताना धरायला

रेवतीच्या पत्राला वामनरावांनी चार महिने उत्तर दिलं नव्हतं. घरमालक फोनवर अडखळतात, म्हणून त्या भाडेकरणीनं पत्रच लिहिलं होतं : "सासूबाईंना उठताना धरायला न्हाणीघरात दांडी बसवू का? टाइल्सना चार भोकं पडतील." त्या निळ्या टाइल्स वामनरावांच्या दिवंगत पत्नीनं निवडलेल्या. 'हो' लिहवेना, 'नाही' शोभेना. पत्र पुस्तकात खूण म्हणून राहिलं.

त्या न्हाणीघरातला नळ मात्र तिसऱ्यांदा गळू लागला. दुरुस्ती मालकाचीच, म्हणून ते प्लंबरला घेऊन गेले.

"काका, नळाला काय झालंय? कुणीतरी लोंबकळतंय याला!" प्लंबर हसला.

दारातल्या म्हातारीनं पदर सावरला. "मीच हो. उठताना धरते. सूनबाई म्हणते, मालकांचं उत्तर येईपर्यंत भिंतीला हात लावायचा नाही. रागावू नका हं."

वामनराव टाइलवरून बोट फिरवत राहिले. शेवटच्या आजारात पत्नी त्यांचा खांदा धरून उठायची.

"दांडी आण," ते प्लंबरला म्हणाले. "जाड बघून आण."

पहिलं भोक पडताना त्यांनी डोळे मिटून घेतले. दांडी बसली, म्हातारीनं ती दोनदा धरून पाहिली. पण क्षमा मागायला त्यांचं तोंड काही उघडलं नाही.

घरी येऊन त्यांनी लिहिलं, "हो. उशीर झाला, चुकलो. आणखी कुठं धरायला हवं असेल, तर विचारत बसू नका, बसवून घ्या."

पाकीट टपालपेटीत पडल्याचा आवाज ऐकूनच ते माघारी वळले.