घड्याळजींचं गिऱ्हाईक

खोटं वाटेल, पण आमच्या गल्लीतल्या घड्याळजींच्या दुकानात इतका शुकशुकाट, की माशासुद्धा आत येऊन कंटाळून परत जायच्या. त्यांच्या बायकोनं मात्र त्याच दुकानात बस्तान बसवलं. बंद पडलेल्या घड्याळांभोवती पितळी चाकं आणि चामड्याच्या पट्ट्या चिकटवून ती झोकदार ब्रोच करायची, आणि थंडी पडली की कोटावर मिरवायला पोरींची झुंबड उडायची.

ती चिकटवायला घेण्याआधी घड्याळजी प्रत्येक घड्याळ एकदा उघडायचेच.

"अहो, मेलेली आहेत ती. कशाला उगाच नाडी बघताय?"

"बघतो नुसतं. हातांना सवय, दुसरं काय!" ते थकल्या आवाजात म्हणायचे.

एके सकाळी एक मुलगी आली. "काका, घड्याळ बिघडलंय. दुरुस्त करून द्याल?"

किती दिवसांनी कुणी हे विचारत होतं! घड्याळजींनी हात पुसले, डोळ्याला भिंग लावलं, दिवा जवळ ओढला. "दे बाळा. काय झालंय त्याला?"



"काकूंनी दिलेल्या ब्रोचमधलं आहे. कालपासून चालायलाच लागलंय हो. तेवढं बंद करून द्या."