आतून आलेली गोळी

भेग मध्येच थांबली होती. ताईने चष्मा पुसला, दिवा तिरका केला आणि पुन्हा पाहिलं. भेग तिथेच थांबलेली.

घड्याळजीच्या काउंटरवरची जाड, पारदर्शक प्लॅस्टिकची शीट प्रयोगशाळेच्या टेबलावर आडवी पडली होती. तिला दोन छिद्रं. एकाचे टवके आतल्या बाजूने उडालेले, म्हणजे ती गोळी बाहेरून आलेली. दुसऱ्याचे बाहेरच्या बाजूने, म्हणजे ती आतून. बाहेरची गोळी ताईच्या धाकट्या भावाची. तो पोलिसात. चोरीच्या घड्याळांची चौकशी करायला गेलो, तर घड्याळजीने पिस्तूल काढून गोळी झाडली, म्हणून मी उलट झाडली, असा त्याचा जबाब. घड्याळजी मेला. त्याच्या बायकोचं एकच पालुपद, माझ्या नवऱ्याने उभ्या जन्मात पिस्तूल हातात धरलं नाही.

ताई मुळातच संशयी. शेजारीण जरा गोड बोलली की हिला काय हवंय, हेच तिच्या मनात आधी यायचं. घड्याळजीची बायको तर तिला अजिबात पटली नव्हती. इतकं ठासून बोलते, म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय. भावाचं मात्र वेगळं. आई गेल्यावर ताईनेच त्याला लहानाचा मोठा केलेला. खरं तर हे काम तिने दुसऱ्याकडे सोपवायला हवं होतं. पण याला सोडवीन तर मीच, असा हट्ट.

आता ती भेग नडत होती. नंतरच्या गोळीची भेग आधीच्या भेगेपाशी येऊन अडते, तिला ओलांडत नाही. इथे अडली होती ती आतून आलेल्या गोळीची भेग. म्हणजे आधी भावाने झाडली होती.

दुपारी भाऊ स्वतःच आला. स्टूल ओढून बसला, तिच्या डब्यातलं हक्काने खाऊ लागला आणि मग सहज विचारल्यासारखं करून विचारलं, अहवाल झाला का.

“आधी तुझी गोळी आहे,” ती म्हणाली.

तो मग हसला. त्यात काय एवढं, म्हणाला, गडबडीत मागचं पुढे होतं माणसाचं. घड्याळजीचा हात पिस्तुलाकडे गेला म्हणून मी आधी झाडली, त्याने नंतर. जबाब दुरुस्त करून देतो. ताईला हायसं वाटलं. पटण्यासारखं होतं. असंच लिहून टाकावं, असं तिने ठरवलंही. पण स्वभाव काही गप्प बसू देईना.

“तुझी गोळी त्याला लागली कुठे?”

“कपाळात,” भाऊ बोलून गेला. “जागच्या जागी गेला. हूं नाही की चूं नाही.”

बोलला आणि त्याचा हात डब्यातच राहिला.

“मग दुसरी गोळी झाडायला तूच काउंटरच्या आत गेलास,” ताई म्हणाली, आणि तिने अहवालाचा कागद पुढे ओढला.