नंतर सांगतो

"बाळही तुमच्यासारखंच बहिरं जन्मण्याची शक्यता निम्मी आहे," तपासणीचे कागद बाजूला सारत डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "धीर सोडू नका हं."

दुभाषी ताईंनी ते खुणांच्या भाषेत समोरच्या नवराबायकोला सांगितलं. बायकोचे डोळे भरून आले आणि तिचे हात भराभर बोलू लागले.

"काय म्हणतेय हो?"

"म्हणतेय, जेवताना घरातले सगळे खळखळून हसतात. काय झालं, असं आम्ही दोघं विचारलं, की म्हणतात, नंतर सांगतो. ते नंतर काही अजून उजाडलं नाही."

"खरंय बाई. बाळाच्याही वाट्याला तेच येईल, ही काळजी वाटणारच."

ताईंनी हळूच मान हलवली. "तसं नाही, डॉक्टर. ती विचारतेय, निम्मीच का?"